वर चढणारा रस्ता आणि आमच्या बाई

सोलापुरात पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला आणि मी खोली शोधत फिरत होते. एका गल्लीत 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी दिसली. अक्षर इतकं रेखीव होतं की मी ते छापील समजले. पाटीखालचं दार मात्र रस्त्याच्या खाली होतं. घरात शिरायला दोन पायऱ्या उतरावं लागायचं, विहिरीत उतरावं तसं.

आत एक उंच, सडपातळ बाई जमिनीवर बसून ज्वारी निवडत होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, "कशानं आलीस?"

मला वाटलं, कुठून आलीस असं विचारतायत. मी म्हटलं, "केमहून."

"ते न्हाय विचारलं. कशानं आलीस? यष्टीनं, रेल्वेनं, का चालत?"

"रेल्वेनं. स्टेशनवरून चालत."

"मग ऱ्हा," म्हणाल्या. भाड्याचं, जातीचं, जेवणाचं सगळं नंतर. चालत आले, एवढ्यावर मला खोली मिळाली. पुढं तीन वर्षं मी तिथं राहिले.

त्यांना सगळी गल्ली 'बाई' म्हणायची, मीही तेच म्हणणार. रस्ते बांधणाऱ्या एका सरकारी कचेरीत त्या तीस वर्षं अनुरेखक होत्या. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पातळ कापड ताणायचं आणि शाईनं रेघ न् रेघ उतरवून घ्यायची, हे त्यांचं काम. पुढं कॉम्प्युटर आले, ते काम गेलं, बाईंना कारकुनाच्या टेबलावर बसवलं आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. यजमान रेल्वेच्या कारखान्यात होते, ते वारलेले. मुलगी पुण्याला. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्यासमोर रोज सकाळी वंदना, आणि तसबिरीखालीच तो जुना लाकडी ड्रॉइंग बोर्ड. कचेरीनं भंगारात काढला तेव्हा बाईंनी तो डोक्यावर घेऊन घरी आणला होता.

घर आणि वाहन यांचं एक नातं बाईंच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. "माणूस घर बांधतो असं तुमाला वाटतंय," त्या म्हणायच्या. "घर बांधतंय वाहन. माणूस नुसतं विटा आणतोय." रविवारी उन्हं उतरली की त्या मला घेऊन निघायच्या. पर्समध्ये मोजपट्टी असायचीच. जुन्या पेठेत एका घराच्या कोपऱ्याला जमिनीत उभा रोवलेला दगड त्यांनी मला दाखवला. मी त्यावरून शंभर वेळा गेले असेन, कधी दिसला नव्हता.

"कशाला असंल हा?"

"देवाचा असेल."

"डोंबलाचा देव! बैलगाडी वळताना चाकाचा आस भिंतीला घासू नये म्हणून हाय त्यो. आता गल्लीची रुंदी बघ. टेप लावू नको, एक भरलेली गाडी डोळ्यांपुढं आण. बसली? म्हंजे ही गल्ली बैलानं आखली."

मग गिरणीच्या चाळी. तिथं सायकल ठेवायलाही जागा नाही, कारण भोंगा झाला की सगळे पायीच निघायचे, आणि दारं अशी समोरासमोर की निघताना एकमेकांना हाक मारता यावी. त्यानंतरच्या वस्तीत पायऱ्यांच्या कडेला हातभर रुंद उतार, सायकल चढवायला. आणि शेवटी जुळे सोलापूरकडच्या नव्या इमारती, खालचा सगळा मजला नुसता खांबांचा. तिथं उभ्या राहून बाई म्हणायच्या, "जमिनीवरची सावलीची जागा गाडीला. माणूस टांगलाय वर. आपल्या आज्ज्याच्या घरात बैल खाली बांधायचे ते बरं होतं, बैल हाक मारली की बघायचा तरी."

एका लग्नाला आम्ही गेलो होतो. कार्यालय शहराबाहेर, पुढं गाड्यांसाठी मैदानाएवढी फरसबंदी, मंडप एका कडेला. नवरीच्या आईनं कौतुकानं विचारलं, "कसं वाटलं हो कार्यालय?" बाई म्हणाल्या, "गाड्यांचं लग्न चांगलं हाय. माणसांची थोडी अडचण झाली." ती बिचारी हसावं की रडावं अशा चेहऱ्यानं निघून गेली.

आणखी एकदा त्यांनी हट्टानं मला बायपासवरच्या एका हॉटेलात चालत नेलं. माझा निकाल लागला होता, त्याची ती मेजवानी. मोठ्या फाटकातून गाड्या आत जात होत्या. पायी जाणाऱ्याला वेगळी वाटच नव्हती. आम्ही गाड्यांच्या मधून धुळीत चालत गेलो, तर रखवालदारानं अडवलं. "गाडी कुटं लावली, मावशी?"

बाईंनी साडी वीतभर वर धरली आणि चप्पल दाखवली. "ही काय. लावू का हितं?"

तो ओशाळला. पण बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. मॅनेजरला बोलावून, चालत येणाऱ्यासाठी दार कुठं पाडायचं ते त्याला मोजून दाखवलं आणि मगच जेवायला बसल्या.

हे सगळं ऐकून वाटेल की म्हातारीला एक खूळ होतं. मलाही पहिलं वर्षभर तसंच वाटत होतं. मैत्रिणींना मी त्यांची नक्कल करून दाखवायची. मग पहिला मोठा पाऊस झाला.

हे घर बांधलं तेव्हा तीन पायऱ्या चढून दारात यावं लागायचं. मग रस्ता डांबरी झाला. मग त्या डांबरावर डांबर. निवडणूक आली की खडी, तीही गेल्या वेळच्या खडीवर. जुनं कुणी काढायचं नाही. एक पायरी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली, आणि शेवटी बाईंनी दारातून आतल्या बाजूला दोन पायऱ्या बांधल्या, उतरायला. गल्लीतल्या सगळ्यांचंच हे झालेलं. रस्त्यावर पडलेलं पाणी आता घरांत उतरत होतं.

त्या दुपारी कॉलेजातून आले तेव्हा बाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून ड्रॉइंग बोर्ड पलंगावर ठेवत होत्या. शेजारी पद्माक्कांकडं रडारड चालली होती. त्यांच्या घरात दोन माग होते, टॉवेल विणायचे. मागावर चढवलेलं सूत भिजून गेलेलं, मोटारीत पाणी शिरलेलं. पद्माक्का दारात बसून तेलुगूत कुणाला तरी शिव्या देत होत्या. मग आम्हाला बघून मराठीत म्हणाल्या, "अय्यो बाई, पाऊस मागायचं का नाही मागायचं आता आमी?"

पाणी ओसरल्यावर बाईंनी भिंतीवरच्या ओल्या रेषेपाशी मोजपट्टी धरली आणि एका वहीत आकडा लिहिला. नक्कल करायचं मी त्या दिवसापासून बंद केलं.

दोन महिन्यांनी बातमी आली, गल्लीत काँक्रीटचा रस्ता होणार. लोक खूश झाले, पेढे वाटले गेले. बाईंनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. मला म्हणाल्या, "चल, महापालिकेच्या कचेरीत जाऊ."

तिथले साहेब तरुण होते, बोलायला गोड. बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मावशी, जुन्या रस्त्यावरच टाकतात हो. पाया आयता पक्का मिळतो. तुम्ही घराचं काहीतरी बघा."

"घराचं काय बघू?"

"आता जॅक लावून आख्खं घर उचलतात. मोबाईलवर व्हिडिओ आहेत, बघा."

"रस्ता वीतभर खाली घ्यायचा म्हणलं तर तुमाला जड जातंय," बाई म्हणाल्या, "आन मी घर उचलू व्हय?"

मग त्यांनी मंजूर झालेला नकाशा मागितला. तो मिळवायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज, तीन चकरा आणि बराच काळ गेला. मिळाल्यावर बाईंनी तो बोर्डावर पसरला, चष्मा पुसला, आणि रस्ता आडवा कापल्यावर कसा दिसेल तो छेद जिथं काढला होता त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. बोट तिथंच राहिलं.

"हे बघ. जुना रस्ता खोदून काढायचा, मग नवा टाकायचा. नवा रस्ता जोत्याच्या खाली दाखवलाय. कागदावर बरोबर हाय गं. ज्यानं ही रेघ मारली त्यानं घर बघितलंय."

तो नकाशा घेऊन आम्ही पुन्हा गेलो. साहेब म्हणाले, "ते ड्रॉइंग झालं. जागेवर थोडं इकडंतिकडं होतंच."

बाईंचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशीही चढला नाही. "तीस वर्षं मी रेघा मारल्या, साहेब. एक रेघ केसभर इकडंतिकडं झाली की आमचे साहेब कापड फाडून पुन्हा काढायला लावायचे. आन तुमी वीतभर चुकणार, त्यापायी आमच्या गल्लीनं बुडायचं?"

साहेबांनी घड्याळ बघितलं.

घरी येताना बाईंनी बाजारातून पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी आणि निळीची पुडी घेतली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. गवंडी जसं करतात तसं नळीत पाणी भरलं. एक टोक मी धरायचं, दुसरं टोक बाईंनी. दोन्ही टोकांतलं पाणी स्थिर झालं की एकाच उंचीवर येतं, तिथं भिंतीवर खूण करायची. मग निळीत भिजवलेली दोरी दोन खुणांवर ताणायची आणि मधोमध ओढून सोडायची. फट्ट आवाज होऊन भिंतीवर निळी रेघ उमटायची. नकाशाप्रमाणे रस्ता जिथं असायला हवा त्याच्या बरोबर हातभर वर, अशी एक रेघ आम्ही गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मारली. आधी लोक हसत होते. दुपारपर्यंत पद्माक्कांनी नळी धरली, मग रिक्षावाल्या चाचांनी. प्रत्येक दारात रेघ आणि रस्ता यांतलं अंतर मोजलं की त्या घरचा माणूस नळी धरायला यायचा. हातभर अंतर हवं होतं. चाचांच्या दारात चार बोटं उरली होती.

"इत्ता?" चाचा म्हणाले. "और इसके उप्पर फिर डालनेवाले? मेरा घर कबर होता जी."

कामाच्या दिवशी सकाळीच मिक्सरची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. ठेकेदाराचा माणूस पुढं होता. गल्लीच्या मधोमध बाईंनी ड्रॉइंग बोर्ड उभा केला होता, त्यावर तो नकाशा, शेजारी स्टुलावर बाई. चाचांची रिक्षा आडवी लावलेली.

"रिक्षा काढा," तो माणूस म्हणाला.

"बंद पडी," चाचा म्हणाले. किल्ली त्यांच्या हातातच होती.

त्या माणसानं भिंतींवरची रेघ बघितली. "ही लेव्हल कुणी ठरवली?"

"पाण्यानं," बाई म्हणाल्या. "पाणी खोटं बोलत न्हाय. तू पण नळी धरून बघ की."

तो तापला. काँक्रीट गाडीत घट्ट होईल, तुम्ही भरून देणार का, पोलीस बोलावतो, असं बरंच बोलला. बाई बसून राहिल्या. पद्माक्का येऊन त्यांच्या शेजारी बसल्या, मग एकेक करून बाकीच्या बायका. मीही बसले. माझी परीक्षा होती त्या दिवशी, तोंडी. ती बुडाली, सहा महिन्यांनी दिली. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

मिक्सर परत गेला. पण खरा त्रास पुढंच होता. काम बंद पडलं, आणि 'निधी परत जाणार' अशी कुजबूज सुरू झाली. ज्यांनी नळी धरली होती तेच बाईंना टाळायला लागले. एका संध्याकाळी पद्माक्का आल्या, दारातच उभ्या राहिल्या. "बाई, होता तो पण रस्ता गेला तर? माझ्या नातवंडांनी चिखलातनं जायचं का?"

"जाऊ दे चिखलातनं," बाई म्हणाल्या. "चिखल धुता येतोय. काँक्रीट एकदा बसलं की तुज्या नातवंडांची नातवंडं खाली उतरत ऱ्हातील."

पद्माक्का निघून गेल्या. त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. मी ताट घेऊन गेले तर म्हणाल्या, "मी चुकत आसंन का गं?" एवढ्या वर्षांत हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकला. मी म्हटलं, "नळी पुन्हा लावून बघू का?" त्या हसल्या आणि भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज कचेरी उघडायच्या वेळी जाऊन साहेबांच्या दारासमोर बसायला लागल्या. नकाशा मांडीवर. घोषणा नाही, उपोषण नाही. येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारलं की छेद उघडून समजावून सांगायच्या. पॅन्शनीच्या कामाला आलेले म्हातारे, बिलं घेऊन आलेले लोक, शिपाई, सगळ्या कचेरीला आमच्या गल्लीचा छेद पाठ झाला. आठव्या दिवशी वरचे मोठे साहेब स्वतः गल्लीत आले. नळी त्यांनी स्वतः धरली. उठताना फक्त एवढंच म्हणाले, "खोदा."

मशीन आलं. वरचा थर निघाला, त्याखाली खडी, त्याखाली डांबर, पुन्हा डांबर, मग मुरूम. चाळीस वर्षांचे रस्ते एकावर एक कापून पडत होते आणि बाई उभ्या राहून मला प्रत्येकाचा काळ सांगत होत्या. आमच्या दारापाशी मशीनचा दात खट्‌कन दगडावर लागला. बाई ओरडल्या, "थांब!" आणि स्वतः खाली उतरून हातानं माती सारली. काळ्या दगडाची पायरी होती. त्यांच्या यजमानांनी बसवलेली, सगळ्यात खालची.

मला वाटलं, आता त्या रडतील. त्या म्हणाल्या, "बादलीभर पाणी आण. धुऊन घेऊ."

हे इथं संपलं असतं तर गोष्ट गोड झाली असती. पण रस्ता झाला, गल्ली गुळगुळीत झाली, आणि दोन वर्षांत दारोदार गाड्या आल्या. गाडी घरात घ्यायची म्हणून लोकांनी ओटे फोडले आणि रस्त्यात उतार बांधले. पद्माक्कांच्या मुलानंही बांधला. पाणी त्या उतारांना अडून पुन्हा दारात साचायला लागलं. बाई त्याच्याशी भांडल्या, पद्माक्कांशी महिनाभर अबोला धरला. कुणी ऐकलं नाही. उलट मुलगा म्हणाला, "बाई, तुमाला गाडी न्हाय म्हणून तुमी बोलता."

"व्हय," बाई म्हणाल्या. "गाडी न्हाय म्हणूनच मला दिसतंय."

त्या उतारांविरुद्धचा त्यांचा अर्ज अजूनही कचेरीत पडून आहे. दर सहा महिन्यांनी त्या स्मरणपत्र देतात, त्याच छापील वाटणाऱ्या अक्षरात.

मधल्या काळात माझं शिक्षण संपलं, पुण्याच्या एका कंपनीत लागले. कंपनी रस्त्यांचे नकाशे करते. पहिला मोठा रस्ता माझ्याकडं आला तो नातेपुत्याच्या बाजूचा, एका गावाच्या बाजारपेठेतून जाणारा. रात्रंदिवस बसून तो काढला आणि सुट्टीत मोठ्या अभिमानानं बाईंकडं घेऊन गेले. आता त्यांना कमी दिसतं, नाकापाशी धरून बघतात. लॅपटॉप नको म्हणाल्या, म्हणून कागदावर छापून नेला होता.

बराच वेळ त्यांनी कागद सरकवत सरकवत बघितला. मग विचारलं, "ह्यात घरं कुटं हायत?"

मी बघितलं. रस्त्याची मधली रेषा होती, कडा होत्या, गटारं होती, वळणांचे आकडे होते. बाजारपेठेच्या जागी दोन्ही बाजूंना कोरा कागद होता.

"सर्व्हेत आली नव्हती," मी म्हटलं.

त्यांनी कागदाची गुंडाळी केली, रबर लावलं आणि माझ्या मांडीवर ठेवली. "जेवून जा," एवढंच म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी पुण्याला गेले नाही. सकाळी नातेपुत्याची यष्टी धरली. दोन दिवस त्या बाजारपेठेत चालले. किराणा दुकान, सलून, बियाण्यांचं दुकान, एका म्हातारीचं भांड्यांचं दुकान, प्रत्येकाच्या उंबऱ्याची उंची मोजली. लोक विचारायचे, "काय चाललंय, ताई?" मी सांगायची. माझ्या नकाशाप्रमाणे तिथला रस्ता त्यांच्या उंबऱ्यांपेक्षा कमरेएवढा वर जाणार होता. भांडेवालीनं मला पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाली, "मग आमी ताटं-वाट्या काय शिडीवरनं इकायच्या?"

सोमवारी सगळे उंबरे कागदावर घातले आणि आमच्या सरांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी चष्मा वर केला. "हे सगळं धरायचं म्हणजे पेठेतली लेव्हल खाली घ्यावी लागेल. गटार पुन्हा, पुढची रस्त्याखालची मोरी पुन्हा. क्लायंटला तारीख दिली आहे आपण. कोण करणार हे?"

"मी करणार. आणि हे झाल्याशिवाय त्या नकाशावर सही करणार नाही."

सरांनी टेबलावरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, "पंधरा दिवस. एक दिवस जास्त नाही."

बाहेर येऊन जिन्यातूनच मी बाईंना फोन लावला. "बाई, सरांना तोंडावर सांगितलं. रस्ता खाली घेणार म्हणून. नोकरी जाते की काय असं वाटलं, पण सांगितलं. पंधरा दिवस दिलेत."

पलीकडं कुणाशी तरी त्यांचं भांडण चाललेलं ऐकू येत होतं, बहुतेक उतारावरूनच. क्षणभर ते थांबलं.

"मग हितं फोन कशाला करत बसलीस?" बाई म्हणाल्या. "पंध्रा दिवस लई न्हाईत. कामाला लाग."